ताकदीची गोळी

अनंता,

तुझ्या तेराव्याच्या कार्याला बदलापूरच्या शिरगावात मंडप गच्च भरला होता. भाषणं झाली. निवडून आलेले एक बोलले, पडलेले एक बोलले, आणि पडलेले जास्त वेळ बोलले. मग कुणीतरी माझ्या हातात माईक कोंबला. "दिलीप बोलेल. तो बरा बोलतो."

माझ्या हातात माईक म्हणजे माकडाच्या हातात कोलीत, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत हळदीचा मंडप कुठलाही असो, माईकवर मी. नवऱ्यामुलाच्या आत्याला नाचायला लावणारा मी, रुसलेल्या मामाला उठवणारा मी. पण त्या दिवशी मी माईक परत दिला. घसा बसलाय म्हटलं. लोकांना वाटलं दुःखाने बसला. बायकांनी पदर डोळ्याला लावले. फुकट गेले ते पदर. माझा घसा ठणठणीत होता. तोंड उघडलं असतं तर तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर उभा राहून मी तुला शिव्या दिल्या असत्या, आणि तुझ्या कार्याचं वाटोळं झालं असतं.

म्हणून इथे लिहितो. मध्ये तोंड घालायची तुझी सोय नाही. एवढा एक फायदा झाला तुझ्या जाण्याचा.

आधी त्या फोटोबद्दल. हनुवटी पुढे, कपाळ भरदार, नाक रुंद, गळ्यात साखळी, बोटात अंगठ्या. पुतण्याने तोच मोठा करून आणला होता. माझ्याकडे तुझा दुसरा फोटो आहे, रंगाच्या कंपनीतला. अंबरनाथच्या एमआयडीसीत आपण दोघं ड्रमपाशी उभे आहोत, तू कोपरापर्यंत निळा, मी कमरेपर्यंत. तू काडीपहिलवान, हनुवटी जेमतेम आहे म्हणण्यापुरती, दात एकमेकांना चिकटलेले. पुतण्याला दाखवला तर विचारतो, "काका, तुमच्या बाजूला कोन हाय?" आता मी त्याला काय सांगू? तुझा खरा काका हा आहे म्हणून?

चिखलोलीची तुझी जमीन विकली गेली, तिथे टॉवर आले, तू कंपनी सोडलीस, शिरगावात बंगला बांधलास. पुढे तुझी अंगठी बोटातून निघेना. उल्हासनगर कॅम्पातल्या त्या सिंधी सोनाराकडे आपण गेलो. साबण लावून, दोरा गुंडाळून त्याने ती कशीबशी काढली आणि खूश होऊन म्हणाला, "साईं, लक्ष्मी हाथ में बैठी है, तो उंगली तो मोटी होगी ही!" तू हसलास. मीही टाळी दिली. अंगठी वाढवून घेतली. काही महिन्यांनी पुन्हा गेलो, पुन्हा वाढवली. चपलांचंही तेच. तुझ्या मापाची चप्पल दुकानात मिळेना, तेव्हा तू ऐटीत सांगितलंस, "आपलेला आर्डर देऊन बनवाया लागतं." ज्या माणसाने आयुष्यभर थोरल्या भावाच्या जुन्या चपला घातल्या, त्याच्या तोंडी ते वाक्य काय शोभून दिसलं होतं!

आणि आवाज! पूर्वी तू बोललास की शेजारच्याला ऐकू जायचं नाही. आता गावकीच्या बैठकीत तू नुसतं "थांबा" म्हटलंस की मंडळी थांबायची. ढोल वाजल्यासारखा आवाज. जमिनीचा पैसा अंगी लागला, असं सगळे म्हणायचे. दुसऱ्या कुठल्या गावात माणसाचा जबडा वाढला असता तर लोकांनी डॉक्टर गाठला असता. आपल्याकडे प्रत्येक घरात जमीन विकलेला एक माणूस आणि प्रत्येक माणसाचं काही ना काही वाढलेलं. कुणाचं पोट, कुणाची गाडी, कुणाचा मजला. तुझे हातपाय वाढले तर कुणाला काय नवल?

मग लोकांच्या तोंडची भाषा बदलली. अनंता बाजूने गेला तरी ओळख देत नाही. हात केला तरी बघत नाही. सख्ख्या चुलत्याने रस्त्याच्या कडेने हाक मारली आणि तू सरळ पुढे गेलास, त्यावर गावात आठवडाभर चर्चा. "शेटला आता आमी दिसत नाय." गाडी घेतलीस ती महिनाभरात दोन्ही बाजूंनी खरवडलीस, फाटकाचे दोन्ही खांब सोलून काढलेस. मी माईकवरून त्यावर विनोद केला. अनंताशेठ येतायत, पोरं उचला, खांब उचला! मंडप हसला. तूही हसलास, पण उशिरा. मी उजवीकडून बोलत होतो आणि तू मला शोधत होतास.

तू माजला नव्हतास. तुला बाजूचं दिसत नव्हतं. समोरचं तेवढं दिसत होतं, बोगद्यातून दिसावं तसं. चष्म्याच्या दुकानात बोटं हलवून बघितली तेव्हा ते कळलं, आणि तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी एकदम हळू आवाजात सांगितलं, की चष्म्याने होणारं काम नाही, डोक्याचा एमआरआय करा. तिथून आपण मुंबईतल्या मोठ्या इस्पितळात. तू घरी सांगितलंस, दिलीपच्या कामासाठी चाललोय. माझं कुठलं काम? माझं काम नेहमी तुझ्याच बंगल्याच्या ओट्यावर असायचं.

त्या डॉक्टरीणबाई अजून डोळ्यांसमोर आहेत. बारीक, चष्मा, आपल्या मुलींच्या वयाच्या. त्यांनी तुझा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, जीभ बाहेर काढायला सांगितली, आणि विचारलं, "अंगठी कधीपासून घट्ट होतेय?"

तू प्रामाणिकपणे म्हणालास, "जमीन विकल्यापासनं."

"जमिनीचा काय संबंध?"

"पैसा अंगी लागला ना, मॅडम."

मला हसू फुटलं, त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की ते जागीच विझलं. मग त्यांनी कागदावर डोकं काढून दाखवलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, पिट्युटरी. तिच्यावर तुझी गाठ. कॅन्सर नव्हे. पण ती नुसती बसून राहणारी गाठ नव्हती, कामसू होती. वाढीचं हार्मोन सोडत बसलेली, दिवसरात्र, थांबायचं नाव नाही. लहानपणी झाली असती तर तू ताडमाड उंच झाला असतास. मोठेपणी उंची वाढत नाही, म्हणून हात वाढले, पाय वाढले, जबडा वाढला, जीभ वाढली. हृदयही वाढतं, त्या म्हणाल्या. घाम, घोरणं, साखर, गुडघे, डोकं ठणकणं, सगळं तिचंच. आणि गाठ वर सरकून डोळ्यांच्या नसांवर चढली होती, म्हणून बाजूचं अंधारात गेलं होतं.

बाहेर येऊन आपण कँटीनमध्ये बसलो. मी म्हटलं, "बघ, कॅन्सर नाही म्हणाल्या." तू तुझ्या हातांकडे बघत बसला होतास. टेबलावर दोन्ही हात पसरून ठेवले होतेस, दुसऱ्याचे असल्यासारखे. मग म्हणालास, "म्हनजे हे सगला रोग हाय?"

मी म्हटलं, "हो."

"आवाज पन?"

"आवाजपण."

तू चहा तसाच ठेवून उठलास. त्या क्षणी माझ्या लक्षात यायला हवं होतं, की तुला मरणाची भीती वाटलीच नव्हती. तुझ्याकडून कुणीतरी काहीतरी काढून घेत होतं, त्याचा तुला राग आला होता.

नाकातून ऑपरेशन झालं. डोकं फोडलं नाही, टाका दिसला नाही. तुझ्या ते पथ्यावर पडलं. घरी येऊन तू जाहीर केलंस, नाकाचं हाड वाढलं होतं, काढलं. बदलापुरात नाकाचं हाड न वाढलेला माणूस सापडणं मुश्कील, त्यामुळे कुणी पुढे विचारलंच नाही. उलट तीन-चार जणांनी आपापल्या हाडांच्या हकिकती ऐकवल्या.

गाठ निघाली. डोळे बरेचसे परत आले. पण ग्रंथीचं जे काय उरलं ते ढेपाळलं. डॉक्टरीणबाईंनी तुला खुर्चीत बसवून सांगितलं, मी शेजारीच होतो. शरीराला तगून राहायला एक स्टेरॉईड लागतं, ते तुमचं शरीर आता बनवत नाही. म्हणून ही गोळी. रोज, जन्मभर. ताप आला तर दुप्पट. उलट्या झाल्या तर गोळी पोटात टिकणार नाही, थांबायचं नाही, लगेच इंजेक्शन. नाहीतर साध्या पोटदुखीत माणूस जातो. "घरातल्या प्रत्येकाला हे पाठ पाहिजे," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाला. लक्षात आलं?"

"आला मॅडम," तू म्हणालास. त्या ढोलासारख्या आवाजात.

आणि घरी जाऊन त्या गोळ्या एका जुन्या टॉनिकच्या बाटलीत ओतल्यास. सुरेखा वहिनींना सांगितलंस, ताकदीची गोळी आहे.

त्यावरून आपलं जे भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. तू मेलास म्हणून मिटलं असं समजू नकोस. चिखलोलीत, तुझ्या टॉवरसमोर, भज्यांच्या गाडीपाशी. नवीन स्टेशन नेमकं कुठे येणार यावर गाडीवाला दोन गिऱ्हाइकांशी वाद घालत होता आणि आपण आपल्या वादात. मी म्हटलं, वहिनीला सांग. आज सांग. तू म्हणालास, "नाय."

"का नाय?"

"तुला नाय कलनार."

"मला कळत नाही असं जगात काय आहे?"

तू टॉवरकडे बोट केलंस. ते जाडजूड बोट. "तिथं आमचा भात झोडायचा खला व्हता. मी त्या खल्यात झोपलेला पोरगा. कोन इचारायचा मना? आता गावकीत मी उठलो का लोक गप बसतान. मना मोठा मानूस बोलतान. उद्या कललं का हे सगला गाठीनं केला, तं काय बोलतील? मोठा कसला, आजारी व्हता!" मग हळूच म्हणालास, "सुरेखा पन तेच बोलंल. तोंडावर नाय बोलनार. मनात बोलंल."

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. मला! नंतर घरी जाऊन सुचलं, दहा सुचली. त्यातलं एक आता देतो. माझी इमारत आठव. कॅम्प चारमधली, वरच्या मजल्याचा स्लॅब खाली आला आणि महापालिकेने धोकादायकची पाटी लावली ती. सगळे जिन्यावरून पळत होते आणि माझी आई अंथरुणात. तू शिरगावहून आलास, वर गेलास, आणि तिला त्या दोन हातांवर उचलून खाली आणलंस. मी मागून तिची चप्पल घेऊन येत होतो, जिवावर उदार झालेला वीर! मग तुझ्याच बंगल्याच्या खालच्या खोल्यांत आम्ही वर्षभर राहिलो. आई शेवटपर्यंत सांगायची, "अनंताच्या हातात मला पाळण्यात असल्यासारखं वाटलं रे." ते हात रोगाने मोठे झाले होते म्हणे. माझ्या आईला त्याच्याशी काय देणंघेणं? हात रोगाने वाढले असतील. जिना चढून वर कोण गेलं होतं? रोग गेला होता?

हे तुला तिथे, भज्यांच्या गाडीपाशी सांगायला हवं होतं. नाही सुचलं. असो.

पण मी गप्प बसलो असं म्हणू नकोस. तुझ्याच घरी, तुझ्याच ताटावर बसून मी वहिनींना सांगितलं होतं. त्या वाढत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, ती बाटलीतली गोळी साधी नाही. हा माणूस त्या गोळीवर जगतो. उलटी झाली आणि इंजेक्शन नाही मिळालं तर दिवसाच्या आत संपेल."

वहिनी वाढायच्या थांबल्या. क्षणभर त्यांनी तुझ्याकडे बघितलं. बस्स, तेवढाच क्षण होता, अनंता. आणि तू हसलास. मंडप हलेल असा हसलास. "आयला दिल्या, आज भुताची गोष्ट संपली का काय?"

मग वहिनीही हसल्या. "भावजी, तुमचा एकेक शब्द खरा मानला तं आमचे घरात आत्तापर्यंत चार भुतं न दोन वाघ राहून गेलं असतं." तुझी मुलगी हसली. मी शपथ घ्यायला लागलो तर आणखी हसले. वर्षानुवर्षं मी त्या घरात विहिरीतल्या म्हाताऱ्याची, रंगाच्या ड्रममध्ये सापडलेल्या अजगराची, निळ्या झालेल्या मॅनेजरची गोष्ट सांगत आलो. एकदाच खरं सांगितलं आणि तुला नेमकं कळलं, त्याचं काय करायचं ते. माझा धंदा माझ्यावरच उलटवलास. दाद द्यायला हवी. दिली असती, जिवंत असतास तर.

मग जनूच्या पोरीची हळद. जनू म्हणजे वहिनींचा सख्खा धाकटा भाऊ, पाठचा. काय मंडप घातला होता त्याने! माईकवर मीच. मटण त्याने स्वतः उभं राहून शिजवून घेतलं, मोठ्या दाजींना नळी पहिली, म्हणून तुझ्या ताटात आग्रहाने वाढलं. तू नाचलास. तुझा आवाज माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या मंडपाचं पोट बिघडलं. उकाडा, मटण, बर्फ, काय असेल ते. मीही घरी संडासाचं दार धरून बसलो होतो, फोन बाहेर वाजत होता आणि मी आतून शिव्या घालत होतो. नवरीच्या काकाला सलाईन लावलं. बाकीचे ताक प्यायले आणि लग्नाच्या कामाला लागले. सगळे बरे झाले. एक तू सोडून.

मी फोन उचलला तेव्हा वहिनी रडत होत्या. हे उठत नाहीत, अंग गार पडलंय. मी ओरडलो, इस्पितळात न्या, स्टेरॉईडचं इंजेक्शन द्यायला सांगा, आत्ता! त्या म्हणाल्या, "भावजी, आता मस्करी नको." आणि फोन ठेवला.

मी इस्पितळात पोचलो तेव्हा संपलं होतं. तिथल्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, ग्रंथी, ऑपरेशन, गोळी. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "यांना आणलं तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर..." कागदावर त्यांनी हृदयाचं काहीतरी लिहिलं. घरच्यांनी तेवढंच धरलं: मटणाने पोट बिघडलं, उलट्यांनी अशक्तपणा आला, हृदय बंद पडलं.

आणि वहिनींनी जनूला धरलं.

तुझ्या कार्याच्या दिवशी तो आला होता. तू बघितलं नाहीस, आम्ही बघितलं. लग्न नुकतंच लागलेली पोरगी आणि जावई यांना घेऊन, हातात नारळ घेऊन. वहिनी दारात आल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "माझे घरात पाय ठेवू नको. तुझे मटनानं माझा मानूस खाल्ला." जनू नारळ हातात घेऊन उभाच. ती पोरगी, हातावरची मेंदीही उतरली नव्हती, रडायला लागली. जनू मंडपाच्या बाहेर, चपला काढतात तिथे जाऊन बसला. जेवणं झाली, माणसं उठली, तो तसाच. शेवटी उपाशी गेला. बहिणीच्या दारातून भाऊ उपाशी गेला, अनंता. तुझ्या तेराव्याला. तुझ्या ताकदीच्या गोळीपायी.

त्यानंतर दोन दिवस मी घरात फेऱ्या मारल्या. सांगितलं तर जनू सुटतो. पण वहिनी? त्यांना कळणार की आपण ज्याच्या उशाशी बसलो होतो तो औषधावाचून गेला. आणि ते औषध त्यांच्या हातात होतं. न सांगावं, तर भाऊ-बहीण जन्माचे तुटणार, आणि तेही न केलेल्या गुन्ह्यासाठी. तुला विचारलं असतं तर तू हसला असतास. म्हणून मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि एकच गोष्ट विचारून घेतली. मग शिरगावला गेलो.

वहिनी ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी समोर बसलो आणि सांगायला सुरुवात केली. हात हलवले नाहीत, आवाज बदलला नाही. साध्या सुरात, कपाटाचं माप द्यावं तसं सांगितलं. गाठ, ऑपरेशन, बाटली. मध्येच त्यांनी सूप खाली ठेवलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं, आणि आता माहीत झाल्यावर मी तुला ते सांगितल्याशिवाय सोडणार नाही.

"त्यांनी हात पुढं केलता," त्या म्हणाल्या. "गोली मागली. धड बोलता येत नव्हता, बाटलीकरं बोट केला. मी बोलली, आधी पेज प्या, रिकामे पोटी गोली नको. पेज प्यायले न ओकले. परत हात पुढं केला. मी बोलली, ताकदीची गोली काय पलून जाते? पोटात कायतरी टिकू दे. मंग हात खाली गेला."

म्हणजे शेवटी तुला कळलं होतं. शेवटी तू सांगत होतास. तेव्हाही एवढं म्हणायचं जमलं नाही, की बाई, ही माझ्या जिवाची गोळी आहे. उपाशीपोटी गोळी घेऊ नये, हे आपल्या आयांनी आपल्याला शिकवलं, त्यांच्या आयांनी त्यांना. त्या माऊलीने जे जन्मभर प्रेमाने केलं तेच केलं, आणि तू बोट दाखवत राहिलास.

"भावजी," त्या म्हणाल्या, "मी दिली असती तं?"

याच प्रश्नासाठी मी फोन केला होता. मी म्हटलं, "उपयोग झाला नसता, वहिनी. पेज टिकली नाही तशी गोळीही टिकली नसती. इंजेक्शन लागलं असतं. आणि इंजेक्शनचं त्याच्याशिवाय घरात कुणाला माहीत नव्हतं. तुमचा काडीचा दोष नाही. हे मी डॉक्टरांना विचारून आलोय. खरं आहे."

अक्षर अन् अक्षर खरं होतं. माझ्या आईची शपथ.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. मायेने बघितलं. आजारी माणसाला खोटं सांगणाऱ्या पाहुण्याकडे बघावं तसं. "तुमी लय बरा बोलता, भावजी," त्या म्हणाल्या. "पयल्यापासनं."

मी शपथा घेतल्या. फोन पुढे केला, लावा डॉक्टरांना, विचारा. त्या नको म्हणाल्या. सूप बाजूला सारलं, पदराला हात पुसले, स्वतःचा फोन घेतला आणि भावाला लावला. पलीकडे जनूने काहीतरी म्हटलं असेल, मला ऐकू आलं नाही. मला फक्त त्यांचं ऐकू आलं.

"जनू. मटन चांगला व्हता रं."

लगेच पुढे म्हणाल्या, "तुझेकरनं काय नाय झायला. माझे हातनं झायला. पोरीला न जावयाला घेऊन उद्या जेवाया ये."

मी "नाही, नाही" म्हणत उठलो, तर त्यांनी हात वर करून मला खाली बसवलं.

एवढं कठीण वाक्य त्या बाईने एका दमात सांगितलं, अनंता. तेही खोटं. तुझं तर खरं होतं, तेही तू कधी सांगितलं नाहीस.